सोवळ्याच्या दोरीवर

वृषभच्या रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितलं, आणि चालण्याचा तर त्याला लहानपणापासून कंटाळा. चाळिशी ओलांडलेला माणूस, पोट पुढं, ऑफिसात खुर्ची, घरी सोफा. शेवटी पुण्याच्या मेव्हण्याला दया आली. त्यानं आपली जुनी गिअरची सायकल पाठवून दिली आणि तिच्याबरोबर सगळा सरंजामही पाठवला. एक पिवळाधमक, अंगाला चिकटणारा टी-शर्ट आणि एक काळी, घट्ट, बुडाशी गादी शिवलेली आखूड पँट. वृषभ तिला पँटच म्हणायचा. बेळगावजवळच्या पिरनवाडीतल्या त्याच्या गल्लीत तिला सगळे चड्डी म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर ती चड्डीच होती.

या वेषात तो रोज सकाळी पिरनवाडीहून टिळकवाडीला निघे. उद्यमबागेत कामाला जाणारे लोक वळून वळून बघत. हा आपला मान खाली घालून पायडल मारत राही. ऑफिसात पोचला की मागच्या मोरीत कपडे बदलायचे, इस्त्रीचा शर्ट चढवायचा आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं खुर्चीत बसायचं. उन्हाळाभर हे झकास चाललं. साखर उतरली, पोट जरा आत गेलं, बायकोही अधूनमधून कौतुकानं बघायला लागली. मग आषाढ लागला.

बेळगावचा पाऊस एकदा धरला की धरलाच. डब्यातले पापड मऊ पडतात, भिंतींना ओल चढते, धुतलेल्या कपड्यांना कुबट वास येतो. सगळ्यांनी वृषभला सांगून पाहिलं की बाबा, चार महिने बसनं जा. पण साखर उतरल्याची धुंदी होती. तो भिजत यायचा आणि ओले कपडे ऑफिसातच वाळत घालायचा, कारण संध्याकाळी घरी जाताना पुन्हा तेच चढवायचे असायचे. आधी ते खुर्चीच्या पाठीवर टाकले, तर शेजारच्या टेबलावरच्यांनी नाकाला रुमाल लावला. मग कपाटाच्या दारावर टाकले, तर खाली फायली भिजल्या. मग खिडकीच्या गजांना अडकवले.

हे ऑफिस जैन समाजाच्या एका संस्थेचं. एकाच आवारात मुलांचं वसतिगृह, लग्नाचं कार्यालय आणि पलीकडे बस्ती, म्हणजे मंदिर. वृषभ तिथला हेडक्लार्क, साऱ्या खोल्यांची देखरेख त्याच्याकडे. एके दिवशी महिला मंडळाच्या बायका ऑफिसात आल्या आणि बोलता बोलता एकीचं लक्ष खिडकीकडं गेलं. ऐन तोंडासमोर ती गादी लावलेली पँट लोंबत होती, ठिबकत होती. एकीनं पदर तोंडाला लावला. त्या गेल्यावर व्यवस्थापक अनुराधा मॅडमनी त्याला आत बोलावलं.

"मगदूम, हे ऑफिस आहे. उद्यापासून तो प्रकार मला इथं दिसता कामा नये."

वृषभचे कान तापले. कपड्यांना कपडे म्हणायचीसुद्धा मॅडमना लाज वाटली, हे त्याला फार लागलं. दिवसभर तो कुणाच्या नजरेला नजर देऊ शकला नाही. अशा वेळी शहाण्या माणसानं सायकल घरी ठेवली असती. वृषभनं कपडे वाळत घालायला लपण शोधलं.

यंदा आवारात मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. पावसाळ्याचे चार महिने महाराज एका गावी राहतात. दिवसातून एकदाच आहार घेतात, तोही उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत. सकाळी निघताना मनात एक खूण धरतात, ती दिसेल त्याच दारी थांबायचं, आणि खूण कुणाला सांगत नाहीत. त्यामुळे कितीतरी घरं रोज शुद्ध स्वयंपाक करून, सोवळ्यात, हातात कलश धरून दारात उभी राहतात. महाराज एका दारी थांबतात, बाकीच्यांनी उद्या पुन्हा उभं राहायचं. ज्यांची घरं लांब होती त्यांना संस्थेनं कार्यालयामागच्या खोल्या या स्वयंपाकाला दिल्या होत्या. अशा स्वयंपाकाच्या जागेला चौका म्हणतात. बायकांचे सोवळ्याचे कपडे वाळायला वरची एक मोठी खोली होती, तिथं दोरी बांधली होती आणि पंखा कायम चालू असे. दारावर कागद होता, 'सोवळ्याचे कपडे. कोणीही स्पर्श करू नये.' तो कागद वृषभनंच छापून चिकटवला होता.

आता त्या कोरड्या, वाऱ्याच्या खोलीकडं त्याचं लक्ष कसं गेलं नसतं. खोलीच्या मागच्या भागात लग्नाच्या गाद्यांची थप्पी होती, तिच्यापलीकडं कुणी बाई जात नसे. तो काही परका नव्हता. त्याच्या आईनं पूजेआधी शाळेच्या कपड्यातल्या पोरांना कधी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. एका दोरीवर घातलं तरी शिवलंच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यानं गाद्यांमागं स्वतःची वेगळी सुतळी बांधली, आणि त्या सुतळीवर चड्डीबरोबर त्याचं मनही निवांत वाळत पडलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर यानंच आवार डोक्यावर घेतलं असतं.

चौका लावणाऱ्यांत एक धोंडूबाई होती. निपाणीकडच्या खेड्यातली, सत्तरी उलटलेली, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. तिच्या गावात महाराज कधी उतरले नव्हते. जन्मभर तिनं दुसऱ्यांच्या चौक्यात पाणी गाळलं, धान्य निवडलं, पण आपल्या हातानं महाराजांना आहार द्यायचा योग काही आला नव्हता. म्हणून यंदा सून त्रिशलाला घेऊन ती इथंच खोली करून राहिली होती. रोज पहाटे उठायची, स्वयंपाक करायची, कलश धरून उभी राहायची, आणि महाराज पुढून निघून जायचे. "उद्या येतील की," म्हणायची. मग वृषभला हाक मारायची, "ये रं, चार घास खा. आज बी तुझ्याच नशिबाचं हाय." कितीतरी दुपारी तो तिच्या हातची ज्वारीची भाकरी नि मुगाची आमटी जेवला होता.

श्रावणात एकदा दिवसभर ढगफुटीसारखा पाऊस पडला. संध्याकाळी बघतो तर गाद्यांमागं कपडे जसेच्या तसे ओले. घरी जायला ऑफिसातल्या शरदची गाडी मिळत होती, तेव्हा सायकल आणि कपडे इथंच ठेवायचे ठरले. पण पँट नीट वाळली नाही तर उद्या वास मारणार. बायका खाली गेल्या होत्या. वृषभनं सुतळी सोडली, पुढं आणली, पंख्याखाली खिडकीपासून खुंटीपर्यंत ताणून बांधली. सोवळ्याची दोरी शेजारीच होती. पहाटे बायका यायच्या आत आपण येऊन काढू, असं म्हणत तो जिना उतरला.

आणि खरंच तो पहाटेच्या बसनं आला. त्यानं दार ढकललं. रात्रीतून सुतळीची गाठ सैल झाली होती. पँट घसरत घसरत कडेला गेली होती आणि दोरीवरच्या एका पांढऱ्या सुती लुगड्यावर आडवी पडली होती. ते लुगडं धोंडूबाईचं. वृषभनं पँट ओढून काढली. लुगड्यावर तळहाताएवढा ओला डाग राहिला होता.

जिन्यावर काठीचा आवाज आला. एकेक पायरी, मधे थांबत. त्यानं पँट आणि टी-शर्ट दोन्ही शर्टाच्या आत कोंबले आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"कोन हाय?"

"मी हाय आक्का. वृषभ."

"लांब सर रं. आंघोळ करून आलीया मी."

तो अजून भिंतीला चिकटला. पोटावर चड्डीतलं पाणी गार लागत होतं. मागं धोंडूबाईनं काठीनं लुगडं खाली घेतलं. मग तिचा हात थांबला असावा.

"हे दमट लागतंय. कुनी शिवलं न्हाय न्हवं ह्याला?"

"न्हाय आक्का," वृषभ भिंतीला म्हणाला. "पावसाची हवा हाय. हितं कोण येतंय?"

"व्हय, तेबी खरं. तू बघतोस म्हनून मला घोर न्हाय."

ती निघून गेली. जिना उतरायला तिला कितीतरी वेळ लागला. तेवढ्या वेळात त्याला हाक मारता आली असती. पण मग विचारलं असतं, काय शिवलं? आणि सांगावं लागलं असतं. त्या घटकेला त्याला पापाची भीती वाटली नव्हती की म्हातारीची कणव आली नव्हती. त्याला फक्त त्या चड्डीची लाज वाटली होती, आणि एवढ्याशा लाजेपायी तो खोटं बोलला होता.

महाराज आहाराला निघाले तेव्हा वृषभ ऑफिसच्या पायरीवर येऊन उभा राहिला. दारादारातून हाका येऊ लागल्या, 'नमोस्तु महाराज, नमोस्तु.' इतके दिवस तो मनातून म्हणायचा की महाराजांनी आज तरी धोंडूबाईकडं बघावं. आज तो हात घट्ट मिटून म्हणत होता, आज नको, आज पुढं जा. महाराज पहिला दरवाजा ओलांडून गेले, दुसरा ओलांडला. धोंडूबाईच्या दारापुढं आले आणि थांबले.

तिला आधी कळलंच नाही. त्रिशलानं कोपर ढोसलं तेव्हा तिच्या तोंडून आवाज फुटला. त्या गुडघ्यांनी तिनं महाराजांना तीन प्रदक्षिणा घातल्या, भिंतीला, दाराला हात टेकत. आवारातली सगळी माणसं गोळा झाली. वृषभही त्यांच्यात ओढला गेला. आत पाय धुऊन झाले आणि धोंडूबाई हात जोडून म्हणाली, "मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-पाणी शुद्ध हाय महाराज."

प्रत्येक शब्द खणखणीत. जन्मभर दुसऱ्यांच्या दारात उभं राहून पाठ झालेले शब्द. आता वृषभ बोलला तर अंतराय होणार, म्हणजे आहार मधेच मोडणार, महाराज तसेच ओंजळ सोडून परत फिरणार, उद्यापर्यंत उपाशी राहणार, आणि म्हातारीची सगळ्यांदेखत शोभा होणार. आता गप्प बसण्याला निदान कारण तरी होतं. पहाटे तेही नव्हतं. तो गप्प राहिला आणि महाराज पोटभर जेवले.

नंतर धोंडूबाई बाहेर आली ती रडत, हसत. भेटेल त्याला सांगत होती. "वृषभनं माझं सोवळं राखलं गं. पाटेला येऊन बघत हुता पोरगा." तिनं शिऱ्याची वाटी पुढं केली. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडं होत्या, अनुराधा मॅडमसुद्धा कौतुकानं बघत होत्या. त्यानं वाटी घेतली. शिरा खाल्ला. नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

दुपारी त्याला राहवेना. तो महाराजांकडं गेला, लांबूनच वाकला आणि खालच्या आवाजात सगळं सांगून टाकलं. सुतळी, खुंटी, डाग, भिंत, सगळं. महाराजांनी ऐकून घेतलं.

"त्या बाईंना सांगितलंस?"

"सांगतो महाराज."

महाराजांनी मान हलवली. वृषभ बाहेर पडला तेव्हा त्याला एवढं हलकं वाटलं की त्यानं कोपऱ्यावरच्या गाड्यावर चहा घेतला. ओझं उतरलं होतं. धोंडूबाईला सांगायचं होतं, पण संध्याकाळी ती त्रिशलाच्या फोनवरून निपाणीकडच्या एकेका नातेवाइकाला आहाराची हकीकत सांगत होती. अशात कुठं सांगायचं, म्हणून तो घरी गेला.

दुसऱ्या सकाळी आवारात शिरला तर कलश घेतलेल्या बायका दारादारात गोंधळून उभ्या होत्या. महाराजांनी आज उपवास धरला होता. अष्टमी नव्हती, चतुर्दशी नव्हती, कुठलंच पर्व नव्हतं. कारण कुणाला सांगितलं नव्हतं. पण आवारातल्या बायकांना कारण शोधून काढायला कितीसा वेळ लागणार. काल कुणाकडं आहार झाला? धोंडूबाईकडं. आणि आज उपवास. पाणी नीट गाळलं नसेल. केस निघाला असेल. वय झालं, दिसत नाही, हौस मात्र दांडगी. हे सगळं इतक्या हळू आवाजात चाललं होतं की सगळ्यांना नीट ऐकू जावं.

आपल्या अंगावरची घाण वृषभनं काल महाराजांच्या पायाशी नेऊन टाकली होती आणि ती आज जाऊन पडली होती म्हातारीच्या डोक्यावर. सांगायचं होतं एकीला, सांगितलं भलत्याला, आणि वर चहा पिऊन घरी गेला. त्याला आपली शिसारी आली.

धोंडूबाईच्या खोलीत त्रिशला डोळे पुसत होती. धोंडूबाई जमिनीवर पाय पसरून बसली होती, समोर सूप. काल ज्या पोत्यातले शिजवले त्यातलेच तांदूळ सुपात घेऊन ती डोळ्यांजवळ नेऊन निवडत होती. पाणी गाळायचं फडकं उजेडात धरून बघितलेलं शेजारी पडलं होतं. दारात बायका दाटल्या होत्या, त्यांच्यातून वाट काढत वृषभ आत उंबऱ्यापाशी आला.

"ये रं," ती म्हणाली. "तू शिकल्यालाय, तू सांग. माझ्या हातनं काय चुकलं असंल? रातीपास्नं आठवतीया. पीठ मी दळलं, पानी मी गाळलं, तिरशलाला सुदिक हात लावू दिला न्हाय. तरीबी महाराजांस्नी उपास धरावा लागला."

तेवढ्यात दारातली एक बाई म्हणाली, "जाऊ द्या आक्का, वयाचा दोष."

"व्हय," धोंडूबाई म्हणाली. तिनं सूप बाजूला सारलं आणि दाराकडं तोंड करून हात जोडले. "माझंच काय तरी चुकलंया बायांनो. म्हातारीचं डोळं. माझ्यापायी महाराज उपाशी ऱ्हायलं, आता मी चौका लावत न्हाय. तिरशला, दुपारच्या गाडीला गावाकडं जाऊ."

"आक्का," वृषभ म्हणाला. आवाज इतका बारीक आला की त्याला पुन्हा म्हणावं लागलं. "आक्का, तुमचं काय चुकलं न्हाय. तुमच्या लुगड्याला शिवलं हुतं."

"काय शिवलं?"

अनुराधा मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या, हे त्यानं बघितलं.

"माझी चड्डी. सायकलची. ओली हुती. मी वर सोवळ्याच्या खोलीत वाळत घालत हुतो, रोज. परवा राती ती घसरून तुमच्या लुगड्यावर पडली. काल पाटे मी काढली. मग मी महाराजांस्नी सांगितलं, म्हनून त्यांनी उपास धरला. तुमास्नी सांगायला सांगितलं हुतं त्यांनी. मी न्हाय सांगितलं."

दारातल्या कुणीतरी 'अगं बाई' म्हटलं. कुणाला तरी हसू आलं आणि ते दाबलं गेलं. मॅडम मागच्या मागं वळून ऑफिसकडं गेल्या. वृषभला वाटलं, आता आक्का ओरडेल, सूप फेकून मारेल, निदान शिवी तरी देईल. तो त्याची वाट बघत खाली मान घालून उभा राहिला. उद्या ही गोष्ट पिरनवाडीपर्यंत पोचणार होती आणि त्यात चड्डी हा शब्द असणार होता. पण ते आता कुठल्या कुठं लांब वाटत होतं.

धोंडूबाई ओरडली नाही. तिनं त्याच्याकडं बघितलं. दुपारी जेवायला हाक मारताना बघायची, तशीच.

"पर मी तुला इचारलं हुतं की रं," ती म्हणाली. "कुनी शिवलं न्हाय न्हवं, म्हनून."

"व्हय आक्का."

"मग तवा का न्हाय सांगितलंस? माझ्या पेटीत दुसरं हुतं. धुवून, घडी घालून ठिवल्यालं. तेवढं बदलून आली असती मी."

वृषभनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. ती उत्तरासाठी थांबली होती, रागानं नव्हे, खरंच कळावं म्हणून. दारातल्या बायकाही थांबल्या होत्या.